नऊ पेट्यांची ऑर्डर

शनिवार, ६ सप्टेंबर

चि. भिंगरी,

अक्षरावरून ओळखलंच असशील, मामा लिहितोय. पाकीट फोडायचं नसेल तर फोडू नकोस, पण फेकूही नकोस. टेबलाच्या हलत्या पायाखाली घालायला उपयोगी पडेल. पत्ता मामीनं दिलेला नाही, तिला बोल लावू नकोस. तिच्या वहीतून मी गुपचूप उतरवून घेतला. ती तुझ्याशी आठवड्यातून दोनदा फोनवर बोलते आणि मी घरात पाऊल टाकलं की "चुकीचा नंबर होता" म्हणते. अर्धा अर्धा तास चुकीच्या नंबराशी खिदळणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

तू शाळेतली नोकरी सोडून गेलीस त्याला दोन वर्षं झाली. औषधांच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत लागलीस, एवढं भिंतीपलीकडून कळलं. आणि हे बघ, मी माफीबिफी मागायला बसलेलो नाही. शाळेची बातमी आहे, ती तुझ्याखेरीज कुणाला सांगू?

आपली अर्पणपेटी आता नऊ शाळांत जाणार.

तुझ्यामागून नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, उंचीनं माझ्या खांद्याला लागतात तरी. बाई मनानं चांगल्या आहेत. परवा स्वतः माझ्या सुतारकामाच्या वर्गात आल्या, मुलांनी केलेली वेडीवाकडी स्टुलं बघून हसल्या नाहीत, आणि म्हणाल्या, "मामा, संस्थेच्या अध्यक्षांना तुमची पेटी फार आवडलीय. संस्थेच्या बाकी नऊ ख्रिस्ती शाळांत शिक्षक थकतात, आजारी पडतात, सोडून जातात. आपल्याकडे नाही. का? तर आपल्याकडे मूल्यं सगळ्यांची एक आहेत. स्थापनादिनाला प्रत्येक शाळेला एक पेटी द्यायची. तुम्हीच बनवा, सागवानाची."

भाषणही त्यांनी लिहायला घेतलंय. त्यात तू आहेस. "सहा वर्षांत चारशे अकरा मोकळे तास अर्पण करणारी आमची विज्ञानशिक्षिका, जी पुढच्या शिक्षणासाठी गेली."

मी हो म्हटलं. खरं सांगू? छाती फुगली. बी.एड. तर सोडच, मी चौथी बुकापुढे गेलेला नाही. खिळे बांधून आलेल्या रद्दीवर वाचायला शिकलेला माणूस. माझ्या हातची पेटी नऊ शाळांत जाणार, म्हणून मामीला दोनदा सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "दहावी मला करा. त्यात तुम्हाला ठेवते."

मामा

रविवार, १४ सप्टेंबर

भिंगरी,

तुला पेटीची गोष्ट सांगायला नको, तू तिच्यात सहा वर्षं चिठ्ठ्या टाकल्यास. पण मलाच ती एकदा सुरुवातीपासून उलगडून बघायचीय, म्हणून लिहितो. कंटाळा आला तर पान उलट.

बारा वर्षांपूर्वी गणिताच्या सरांची बायको इस्पितळात होती. सरांना रोज दुपारी जावं लागे आणि रजा संपलेली. कुणाकडे तोंड उघडून मागणं त्यांच्या जिवावर येई. मग मी बाकांच्या उरलेल्या फळ्यांची एक पेटी केली, वर फट ठेवली, कुलूप लावलं आणि शिक्षकखोलीत ठेवली. ज्याला मोकळा तास असेल त्यानं चिठ्ठी टाकायची: "मंगळवार, पाचवा, मी घेतो." खाली नाव नाही. सरांना कुणाचे उपकार फेडत बसावे लागू नयेत एवढंच डोक्यात होतं. चार महिन्यांनी त्यांची बायको घरी आली, ठणठणीत.

त्या दिवशी पेटी उचलून माझ्या वर्गात न्यायची होती. ती राहिली. का राहिली? सगळ्यांनी तिचं कौतुक केलं म्हणून राहिली. तेव्हाचे मुख्याध्यापक सोमवारच्या प्रार्थनेत म्हणाले, "सेवा, त्याग, एकोपा." ते तीन शब्द मीच लाकडात कोरले आणि पेटीच्या वर भिंतीला ठोकले. मग चिठ्ठीवर नाव आलं. मग दर सोमवारी कुणी किती तास दिले ते वाचून दाखवायला लागले, मग टाळ्या. आणि मग संस्थेला कळलं की तास असेच भरतात. इतिहासाचे सर निवृत्त झाले, जागा रिकामी. हस्तकलेच्या बाई गेल्या, जागा रिकामीच. पेटी आहे की!

हे सगळं मला दिसत होतं. मी काही आंधळा नव्हतो. मला फक्त टाळ्यांचा आवाज आवडत होता.

आता परवाची गोष्ट. म्हणजे शुक्रवारची. पहिल्या पेटीच्या फळ्या कापून ठेवल्या होत्या. संगीताच्या नव्या बाई आल्या, तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. आवाज बसलेला, गाणाऱ्या पोरीचा! म्हणाली, "मामा, पेटीची किल्ली तुमच्याकडेच असते ना? माझी गुरुवारची चिठ्ठी परत मिळेल का? मी सलग सात तास उभी असते. दुपारनंतर मला मुलांची तोंडं ओळखू येत नाहीत."

हातातली पटाशी मी खाली ठेवली. तिला स्टूल दिलं. मग तिच्याकडे पाठ करून कापलेल्या फळ्या पुन्हा मोजत बसलो.

का, ते तुला माहीत आहे.

मामा

बुधवार, १७ सप्टेंबर

भिंगरी,

मागचं पत्र मी अर्ध्यावर टाकलं. मामीनं ते वाचलं (होय, आता ती वाचते, मी लपवलेली वस्तू तिला तीन मिनिटांत सापडते) आणि म्हणाली, "पुढचं लिहिणार आहात का, का तेही मीच फोनवर सांगू?"

लिहितो.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी, शाळा भरायच्या आधी, तू याच वर्गात आली होतीस. म्हणालीस, "मामा, या आठवड्याच्या माझ्या चार चिठ्ठ्या काढून द्या. मला जमत नाहीये." किल्ली माझ्या खिशात होती. दोन पावलं चालून पेटी उघडायची होती. आणि मी म्हणालो, "अर्पण केलेलं परत घेतात का कुणी? मन घट्ट कर. जरा प्रार्थना कर, अंगात बळ येईल."

तू काही बोलली नाहीस. आम्ही तुला वाढवलं तेव्हाही तू रुसलीस की गप्प व्हायचीस, मला वाटलं तसंच असेल. दुपारी सातवी अ च्या वर्गात फळ्यापाशी तू खाली बसलीस ती उठेनास. बोलेनास. पोरांना वाटलं बाईंचं काही हरवलंय, म्हणून चाळीस पोरं तुझ्याबरोबर जमिनीवर शोधायला लागली.

तीन आठवडे तू पलंगावर होतीस. त्या तीन आठवड्यांत मी शाळेत काय सांगत फिरलो? "पुढच्या शिक्षणाची तयारी करतेय." मीच. तू गेल्यावरही तेच. नव्या मोठ्या बाईंना ते खरं वाटतं यात त्यांचा काय दोष? आमची पोरगी पेटीपायी मोडली असं सांगितलं असतं तर पेटी मोडावी लागली असती. मी पेटी वाचवली.

हे लिहिताना हात कापत नाहीये. कापायला हवा होता तेव्हा कापला नाही, आता नाटक कशाला?

संगीताच्या बाईंना मी किल्ली दिली. पण चिठ्ठ्या आधीच कार्यालयात गेल्या होत्या आणि गुरुवारचा बदली तास तिच्या नावावर चढला होता. पर्यवेक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "मामा, अर्पण केलेलं परत? काय पायंडा पाडताय?" माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर, फुकट घरपोच.

भिंगरी, मला स्थापनादिनाला सगळ्यांपुढे तुझी गोष्ट सांगायचीय. खरी. तू हो म्हण. नऊ मुख्याध्यापक समोर बसलेले असतील. त्यांच्या शाळांत पेट्या पोचायच्या आधी त्यांना कळू दे.

मामा

रविवार, २८ सप्टेंबर

भिंगरी,

तुझं उत्तर मामीकडून मिळालं. शब्दाला शब्द मिळालं. "त्यांना सांग, माझी गोष्ट सांगायची नाही. आधी माझ्या तासांवर टाळ्या मिळवल्या, आता माझ्या आजारावर मिळवतील."

दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होतो. मनात म्हटलं, मी एवढा जिवावर उदार होऊन निघालोय आणि ही बया मला टोचते. मामीलाही बोललो. ती म्हणाली, "टोचलं म्हणजे नेमकं लागलं." तिसऱ्या दिवशी स्टुलांना खिळे मारता मारता माझा मलाच उलगडा झाला. तू बरोबर आहेस. तुझी गोष्ट तुझी. माझ्याकडे माझी एक आहे, ती मी कुणालाही विचारल्याशिवाय सांगू शकतो.

काल मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांच्या टेबलावर डबा उघडा होता, न खाल्लेला, दुपारचे तीन वाजलेले.

मी म्हणालो, "बाई, पेट्या मी करणार नाही."

"लाकूड कमी पडलं का?"

"लाकूड भरपूर आहे. लाज कमी पडत होती, ती आता पुरेशी झाली."

मग सांगितलं. तुझं नाव न घेता सांगितलं: दोन वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे चिठ्ठ्या परत मागायला आली, मी दिल्या नाहीत, आणि तिचं पुढं काय झालं याबद्दल मी शाळेला खोटं सांगितलं. आमच्या घरातलं माणूस होतं एवढं त्यांनी ओळखलं असणार. बाईंनी उघड्या डब्यावर झाकण लावलं. मग हळूच म्हणाल्या, "मामा, मीसुद्धा दर आठवड्याला अकरा तास जास्तीचे शाळेत थांबते. कार्यालयाचं काम घरी नेते. माझ्या मुलीनं परवा विचारलं, तू आज पाहुणी म्हणून आलीस का."

"मग बंद करा ना!"

"कशी करू? अध्यक्षसाहेबांनी नऊ शाळांना पत्रं पाठवलीत. तुम्ही नाही केल्यात तर बाजारातून आणाव्या लागतील. आणि मामा," इथं त्यांचा आवाज अगदीच खाली गेला, "तुमची मुदतवाढ डिसेंबरात संस्थेपुढे आहे. जरा सांभाळून."

मी म्हणालो, "बाई, अडुसष्टाव्या वर्षी मी काय सांभाळू? गुडघे?"

त्या हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आदेश काही मागे घेतला नाही. नऊ पेट्या बाजारातून येणार. माझ्या नकारानं कुणाचं काही अडलं नाही, फक्त सांधे कच्चे मिळतील.

म्हणजे नुसतं "नाही" म्हणून भागणार नाही.

मामा

रविवार, १९ ऑक्टोबर

भिंगरी,

काल स्थापनादिन झाला. जे घडलं ते सांगतो, तिखटमीठ न लावता. लावलंच तर मामी काढून टाकील, ती पहिल्याच रांगेत होती.

व्यासपीठावर टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीखाली नऊ पेट्या. समोर नऊ शाळांचे मुख्याध्यापक, मागे आपले सगळे शिक्षक. मोठ्या बाईंनी भाषण वाचलं. चारशे अकरा तासांचं वाक्य त्यांनी गाळलं. मी कान लावून होतो. मग अध्यक्ष, म्हणजे आपल्या चर्चचे वृद्ध पाळकसाहेब, उठले आणि म्हणाले, "ज्यांच्या हातून पहिली पेटी घडली त्या मामांनी दोन शब्द बोलावेत." मला शाल दिली. शाल खांद्यावर घेऊन माणसाला भांडता येत नाही, म्हणून घडी करून खुर्चीवर ठेवली.

मी म्हणालो, "पेटी मी एका माणसासाठी केली होती. त्याची अडचण चार महिन्यांत संपली, माझी पेटी संपली नाही. पुढे एक शिक्षिका स्वतःचे चार तास परत मागायला आली. किल्ली माझ्या खिशात होती. मी तिला प्रार्थना करायला सांगितलं. ती मोडली. आणि मी सगळ्यांना सांगितलं की ती शिकायला गेली. ते खोटं होतं आणि ते मी बोललो." आणि मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, जे शाळेत कुणाला माहीतही नव्हतं. तुझं नाव घेतलं नाही. माझं घेतलं.

पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "मामा, दुःख समजतं. पण सेवेला मर्यादा असते का?"

"सेवेला नसेल साहेब, सेवा करणाऱ्याला असते. कितीही पोरं बसली तरी मोडणार नाही असा बाक मला अजून करता आलेला नाही. आणि मी काही शास्त्री-पंडित नाही, पण सहा दिवस काम करून सातव्या दिवशी थांबा ही आज्ञा आहे ना? सवलत नाही, आज्ञा. ज्यानं सगळं घडवलं तो स्वतः थांबला. मग सेवा, त्याग, एकोपा याच्या शेजारी विसावा का नाही? ते शब्द मीच कोरले. मला कुणी तीनच सांगितले आणि मी चौथा विचारला नाही. मूल्यं सगळ्यांची म्हणता ना साहेब? मग विसावाही सगळ्यांचा करा. एकजण दमला तर ती त्याची श्रद्धा कमी असं म्हणायचं आणि जागा मात्र दोन-दोन वर्षं रिकाम्या ठेवायच्या, हे मला नाही पटत."

"रिकाम्या जागांचा विषय आज नाही," साहेब म्हणाले.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. गणिताचे सर. आता पार पांढरे झालेत. म्हणाले, "साहेब, माझी बायको बरी होऊन बारा वर्षं झाली. पेटी तिच्यासाठी होती. ती आता माझ्यावर ओरडण्याइतकी धडधाकट आहे. माझ्या चिठ्ठ्या मला परत द्या." लोक हसले, आणि त्या हसण्यातच संगीताच्या बाई उभ्या राहिल्या. बोलल्या नाहीत, आवाजच नव्हता. नुसता हात वर केला. मग तिच्या शेजारची उठली. मग भूगोलाचे सर. मी मोजले नाहीत, पण बसलेले कोण हे सांगणं सोपं होतं: पर्यवेक्षक.

नऊ मुख्याध्यापकांपैकी तिघांनी जाताना पेट्या नेल्या. सहा तिथेच राहिल्या. नेणाऱ्यांतल्या एकीनं मला दारात गाठून विचारलं, "मी फक्त गरज पडली तर वापरीन. चालेल?" मी म्हटलं, "कुणाची गरज, त्या माणसाचं नाव पेटीवर लिहा. त्याचं काम झालं की पेटी फोडा." तिनं ते लिहून घेतलं, पेटीच्या तळावरच.

पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला नाही. मामीनं घेतला, घरापर्यंत सोडला नाही. वाटेत एवढंच म्हणाली, "शाल विसरलात."

मामा

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

भिंगरी,

तू गेल्या आठवड्यात फोनवर "मामा कसे आहेत" असं विचारलंस म्हणे. मामीनं ते मला सांगायचं नव्हतं, पण तिच्या पोटात राहिलं नाही. मी ठीक आहे. त्या एका प्रश्नावर मी काही मनोरे बांधणार नाही, घाबरू नकोस. तुला परत ये म्हणणार नाही. तुझं तिथलं बरं चाललंय ते चालू दे.

संस्थेचं पत्र आलं. मुदतवाढ नाही. डिसेंबरअखेर वर्ग रिकामा करून द्यावा. करीन. करवती, रंधे, पटाश्या माझ्या स्वतःच्या आहेत, त्या हातगाडीवर घालून समोरच्या दारानं नेईन, मागच्या नाही. तोवर मात्र मी शाळेचा नोकर आहे आणि दोन महिन्यांत पुष्कळ काही ठोकता येतं.

आपल्या शाळेतली पेटी बंद झाली. शिक्षकांनी तीन संध्याकाळी बसून आपसांत ठरवलं, मोठ्या बाई त्यांच्यातच बसल्या होत्या. रोजचा एक तास प्रत्येकाचा स्वतःचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. कुणावर खरंच वेळ आली तर त्यानं नाव घेऊन मागायचं आणि बाकीच्यांनी तेवढ्यापुरतं खांद्यावर घ्यायचं, पण त्यातला पहिला तास मोठ्या बाईंसकट कार्यालयातल्यांनी घ्यायचा. सोमवारच्या टाळ्या बंद. यावर दोघेजण रुसलेत, त्यांचा आकडा सगळ्यांत मोठा होता. मला त्यांचं दुःख कळतं. मी त्याच टाळ्यांवर जगलोय.

संस्थेनं याला मंजुरी दिलेली नाही. शिक्षकांनी ती मागितलेलीही नाही.

काल गुरुवार. चौथ्या तासाला शिक्षकखोलीत गेलो तर संगीताच्या बाई दोन खुर्च्या जोडून झोपल्या होत्या, चपला काढून, तोंडावर वर्तमानपत्र. तिचा स्वतःचा तास. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर स्टूल टाकून बसलो. थोड्या वेळानं मोठ्या बाई लगबगीनं आल्या. हातात बदली तासांचा कागद.

"मामा, आत कोण आहे? आठवी ब मोकळी सुटलीय, शाळा डोक्यावर घेतलीय पोरांनी."

"आत कुणी नाही."

"मला चपला दिसतायत दाराच्या फटीतून."

"चपला आहेत. बाई विसाव्याला गेल्यात."

"पाचच मिनिटं उठवा. यादीत दुसरं कुणी उरलं नाही, मी सगळं पाहिलं."

"मग तुम्ही जा," मी म्हणालो.

मी स्टूल जरा दाराला आणखी चिकटवलं. वाटलं, आता डिसेंबरचीही वाट बघायची गरज नाही. बाईंनी कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली, आणि माझ्यापुढे हात पसरला.

"खडू आहे का?"

माझ्या खिशात सुतारी पेन्सिल होती आणि खडूचा एक तुकडा होता. तुकडा दिला. त्या गेल्या. त्यांना वर्गावर उभं राहून बरीच वर्षं झाली असावीत, कारण आठवी ब चा आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला, मग आणखी वाढला, मग एक बाक पडल्यासारखा दणका आला.

मी जागचा हललो नाही.

तुझा,
मामा